चॅडिक भाषांची भावकी

दहिसरच्या चाळीत कुणी गेलं की सुतक कुणाला दहा दिवसांचं आणि कुणाला तीन, हे प्रेमा घाडीगावकर ठरवायची. भटजीसुद्धा आधी तिच्याकडे बघत. तिची लेक ऋतिका आफ्रिकेतल्या चॅडिक भाषांवर प्रबंध लिहीत होती. त्यातला मासा नावाचा गट स्वतंत्र शाखा की मधल्या शाखेतलाच, यावर विद्वानांची वर्षानुवर्षं जुंपलेली.

"डोंबलाचे विद्वान!" नारळ खवताना प्रेमा म्हणाली. "मासाचा गणपती वेगळा बसतो का, एवढंच विचार त्यांना. आपल्या राजेशभावजींनी विक्रोळीला वेगळा बसवला, त्याच दिवशी मी त्यांना भावकीतून काढलं."

"तसं नसतं गं आई. एकाच पूर्वजानं केलेला बदल दोघांत उतरला असेल, तर शाखा एकच."

"म्हणजे काय?"

"आजोबांना आरतीचं दुसरं कडवं कधी आठवायचं नाही, म्हणून आपण ते अजून गाळतो ना? मी तुला न सांगता दरवर्षी गणपतीत राजेशकाकाकडे जाते. तेही तेच गाळतात."

प्रेमाचा हात थांबला. मग खोबऱ्याने भरलेला तोच हात तिने कपाळावर मारला.

"म्हणजे तो मेला विक्रोळीवाला आपलाच!"