चुलीवर न चढलेली कॉफी

मित्रहो, पत्र वाचून नेहमीप्रमाणे पुढच्याकडे धाडा, पण आधी माझी आजची फजिती ऐका.

या उन्हात गरम कॉफी सोसवत नाही, म्हणून काल संध्याकाळी मी कॉफीची पूड माठातल्या गार पाण्यात भिजत घातली. आज दुपारी फडक्यानं गाळून साखर घातली आणि स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात शेजारचे कापडवाले जैन शेठजी आले. उकळलेलंच पाणी प्यायचं, हा त्यांचा नेम. मी प्रौढीनं पेला पुढे केला.

"काफी म्हनजे उकाळेल शे, मंग काय!" म्हणत त्यांनी तो रिकामा केला.

हे पाणी चुलीवर चढलंच नव्हतं, हे मला ते गेल्यावर आठवलं. धर्मशास्त्रातल्या चार पळवाटा मी हिला ऐकवल्या.

"संस्कृत मला नको. त्यांना जाऊन सांगा," ही म्हणाली.

गेलो, चाचरत सांगितलं. शेठजींनी हातातलं कापड घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "उद्या मी उपास करसू, मास्तर. तुम्ही जीव नका जाळू."

तेव्हापासून तो अधिकच जळतो आहे. गप्प राहिलो असतो, तर त्यांचा उपास टळला असता. खरं सांगा, तुम्ही गेला असता का?