गच्चीवर वाळत घातलेली चिप

यंत्र बंद पडलं की आमची इंजिनीअरीण हसायची. मी कपाळाला हात लावून बसलेलो, आणि ही बाई खदाखदा हसत म्हणायची, "चला, आता मजा येणार!" मरोळच्या आमच्या छोट्याशा गाळ्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर जुळवायचो. गिऱ्हाइकांशी मी बोलायचो, यंत्रांशी ती.

थ्री-एटी-सिक्स प्रोसेसर तेव्हा नवाच निघाला होता. प्रोसेसर मिळायचा, पण तो बसवायचा मदरबोर्ड कुठे मिळेना. आयात करणारा रोज "पुढच्या बोटीने" म्हणायचा. महत्प्रयासाने एक बोर्ड हाती लागला, तर तो हार्ड डिस्कच ओळखेना! घाटकोपरच्या प्रेसवाल्यांना आम्ही शब्द दिला होता. हे यंत्र त्यांच्याकडे गेलं नसतं, तर आमच्या गाळ्याला टाळंच लागायचं.

दोष होता बोर्डावरच्या छोट्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये. कंपनीकडून दुरुस्त प्रोग्रॅम फ्लॉपीवर आला, पण कोरी चिप बाजारात नव्हती. होती तीच पुसून पुन्हा लिहायची, तर पुसायच्या अतिनील किरणांच्या दिव्याची नळी गेलेली. आणि लिहिताना चिप बिघडली तर बोर्डही गेला. मी म्हटलं, "वाट लागली!"

"लागली तर लागली. ऊन आहे ना?" ती हसत म्हणाली. चिपच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून ऊन आत गेलं की जुना प्रोग्रॅम हळूहळू पुसला जातो म्हणे. मे महिना होता. मुलुंडच्या तिच्या इमारतीच्या गच्चीवर, आमसुलांच्या शेजारी, तिने ती चिप ताटलीत वाळत घातली. तिची आई मालवणकडची. चिपेचे दोन्ही बाजूंचे पाय बघून तिला ती गोमच वाटली. कावळे हाकता हाकता म्हणाली, "ही घोण कित्याक सुकत घातलंस गो?"

"आई, तिच्यावर आमचं पोट आहे. हात नको लावू!"

म्हातारी त्यानंतर आमसुलांपेक्षा घोणीचीच राखण करू लागली.

आठवड्याने चिप कोरी झाली. इंजिनीअरणीने नवा प्रोग्रॅम लिहिला आणि खिडकी झाकायला पर्समधली टिकली काढून वर चिकटवली. "आता हिला उजेड लागायचा नाही." बटण दाबलं. हार्ड डिस्क सापडली! मी नाचायचाच बाकी होतो. प्रेसवाल्यांनी यंत्राला हार घातला, आम्हाला पेढे दिले.

मग काय, अंधेरीपासून वाकोल्यापर्यंतचे अडलेले लोक आपापल्या चिपा घेऊन आमच्याकडे येऊ लागले. बोर्ड बनवणाऱ्या सिंगापूरच्या कंपनीपर्यंत ही बातमी गेली. त्यांचा माणूस आला, तो तिला नोकरीवर बोलवायलाच.

"गाळा आत्ता कुठे सावरतोय रे. मी गेले तर?" तिने विचारलं.

"जा ना यार! एवढ्या लांबून न्यायला आलेत, आणि मी अडवू?"

बोललो खरा. पण ती गेली त्या दिवशी गाळा उघडला, तर यंत्रांशी बोलायला कुणी नव्हतं; दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून परत पाठवलं.