एत्येनसाहेबांचं वाकडं पातं

तीन आठवड्यांपूर्वी दोह्यातल्या आमच्या तलवारबाजी क्लबचे मॅनेजर खानसाहेब यांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर फ्रान्सच्या पेपरातलं कात्रण होतं. फोटोत हातात तलवार घेतलेले आमचे फ्रेंच कोच एत्येनसाहेब... किती तरुण! "गुजर गये, शंकर. मॅडम की चिठ्ठी है." साहेबांच्या बायकोची ती चिठ्ठी खानसाहेबांनीच हिंदीत समजावली. पेपरनं साहेबांच्या पदकांना चार ओळी दिल्या होत्या आणि हरलेल्या एका अंतिम सामन्याला अर्धं पान.

तो सामना क्लबात आम्हा सगळ्यांना ऐकून तोंडपाठ होता. तेव्हा त्यांच्या प्रकारच्या तलवारबाजीत वार लागल्यावर दिवा पेटायची सोय नव्हती, वार लागला का ते पंच डोळ्यांनी बघत. स्वतःला लागलेला वार खेळाडूनं हात वर करून कबूल करायचा, ही जुनी रीत. शेवटचा वार एकाही पंचाला दिसला नाही. साहेबांनी हात वर केला. सुवर्णपदक गेलं, पण नाव त्यांच्या देशात घराघरांत पोचलं.

माझी शाळा सातवीत सुटलेली. दोह्याबाहेर मेसईदच्या प्लँटवर उन्हात फिटर होतो. क्लबाचं गेट बसवायला आलो, तेव्हा इथं शिकवायला आलेल्या साहेबांनी माझं काम पाहिलं आणि खानसाहेबांच्या मागं लागून मला क्लबाच्या नोकरीत, एसीत आणलं. हे उपकार कसे फेडावेत, या विचारानं चैन पडेना. क्लबातल्या त्यांच्या खोलीत त्या सामन्यातली तलवार टांगलेली असे. एकदा पुसायला काढली तर पातं किंचित वाकडं! गॅसवर तापवलं, ठोकून सुतासारखं सरळ केलं, परत टांगलं. तापवल्यावर पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं, हे फिटरला कळायला नको? आणि तो बाक मुद्दाम ठेवलेला असतो, हे मला कोण सांगणार...

दोन दिवसांनी पाहुण्यांपुढं साहेबांनी तीच तलवार उचलली. पहिल्याच वाराला पातं शिशासारखं दुमडलं आणि तसंच राहिलं. पाहुणे हसले. खानसाहेबांनी झाडूवाल्या हमजाची कॉलर धरली. "कमरा तू ही साफ करता है ना? कल घर का टिकट, खलास!" हमजा माझ्याकडं बघत होता. मी जमिनीकडं. गावी आई, दोन बहिणी लग्नाच्या... व्हिसा गेला तर?

शेवटी माझा हात वर गेला.

साहेबांनी हमजाची कॉलर सोडवली. मग मोडक्या हिंदीत खानसाहेबांना म्हणाले, "जज नहीं देखा. ये खुद बोला. यल्ला, चलो, खेल आगे." दुमडलेली तलवार त्यांनी मलाच दिली.

लोक ऐकून माझं कौतुक करतात. मला ते टोचतं. हमजाची कॉलर धरल्यापासून हात वर जाईपर्यंत मध्ये बराच वेळ गेला होता. तो मला माहीत आहे, हमजाला माहीत आहे. साहेबांना कधी विचारलं नाही, तुमचा हात लगेच वर गेला होता का? परवा खानसाहेबांना विचारलं, "पेपरात लिहिलंय का, किती वेळ लागला?"

"ये कौन लिखता है, भाई?"

दोह्याच्या नजमा भागातल्या आमच्या खोलीत ती तलवार माझ्या शर्टांमागं खिळ्याला आहे. खोलीतला दत्तू सारखा म्हणतो, "अरे फिटर ना तू? सरळ तरी कर, नाहीतर टाकून दे."

मी शर्ट बाजूला सारतो, बघतो, आणि परत झाकतो.