आबांची फिल्म

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हाही हा विषय टाळते — त्याला ठाऊक असणारच, उगाच कशाला! आज तुमच्याजवळ बोलतेय. तुम्ही वटारचे नाही, आमच्या पंगतीला बसणारे नाही, म्हणून जीभ जरा सैल सोडलीय.

आणि आधीच सांगते, गोष्ट रडकी नाही. हीच तर पंचाईत आहे. रडकी असती तर केव्हाच भडाभडा सांगून मोकळी झाले असते. पण आमच्या घरातला सगळ्यात आनंदाचा दिवस माझ्या लबाडीतून निघाला, त्याला मी काय करू? त्या दिवसाचा मोठा फोटो बाहेरच्या खोलीत लावलाय. सगळे हसतायत. मी तर सगळ्यांत जास्त, पार दाढा दिसतायत.

मी मूळची कामणची. लग्न होऊन वटारला आले ती कॉम्प्युटरचा कोर्स पुरा करून. सासर बागायतदारांचं — केळी, चाफा, थोडी भाजी. माझी मोठी जाऊ मालूताई सकाळी उठून टोपलीभर चाफा काढून मोकळी व्हायची, तोवर माझा चहाही व्हायचा नाही. केळीचा घड उतरवायला गेले तर घडासकट मीच खाली. वर बोलताना तोंडातून 'पानी' निघायचं आणि सगळे हसायचे — प्रेमाने, पण हसायचेच ना? मग मी काय केलं? जे मला येत होतं त्याचा तोरा मिरवायला लागले. वसईत कॉम्प्युटरचा क्लास काढला. वाडीत कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा मोबाइल रुसला, की मला हाक. आणि मी एकदाही 'मला येत नाही' म्हटलं नाही. शिकवणं वेगळं, दुरुस्ती वेगळी, हे मला पक्कं माहीत होतं. पण ते बाकीच्यांना कशाला सांगायचं?

तर — पाचसहा वर्षं झाली. घरातल्या कॉम्प्युटरला काहीतरी झालं. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, मालूताईचे यजमान, क्रिकेटचे भारी वेडे. कुठल्यातरी साइटवर फुकट मॅच दिसते म्हणून त्यांनी काहीतरी उतरवून घेतलं. मॅच दिसली नाहीच. उलट स्क्रीनच्या कोपऱ्यात जाहिराती नाचायला लागल्या आणि नेट उघडलं की भलतंच पान समोर. अँटीव्हायरस चालवला तर तो म्हणाला, स्पायवेअर आहे. म्हणजे तुम्ही काय टाइप करता, कुठं जाता, सगळं गुपचूप कुणालातरी कळवणारं. दादा हादरले. म्हणाले, "माझ्या घरात हेर? काढ, आत्ताच्या आत्ता काढ!"

बघते, म्हटलं. नेहमीसारखं.

काय सांगू, त्या दोन दुपारी मी आयुष्यात विसरणार नाही. डिलीट म्हटलं — फाइल वापरात आहे, डिलीट होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ते बंद पाडलं, तर पापणी लवायच्या आत परत हजर. अनइन्स्टॉल करायला गेले, तर परवानगी नाही म्हणे. माझ्याच घरात मलाच परवानगी नाही! मग एकाला दोन अँटीव्हायरस घातले, तर ते एकमेकांतच जुंपले आणि मशीन ठप्प. शेवटी सेफ मोडमध्ये शिरून ते मेलं एकदाचं. दादांनी टाळ्या वाजवल्या. मशीन पुन्हा चालू केलं तर मेलेलं जिवंत! परत सेफ मोड. या वेळी ते स्टार्टअपच्या यादीतूनही उपटलं. चालू केलं — जाहिराती गेल्या, सगळं स्वच्छ, आणि नेटही गेलं. काही केल्या नेट लागेना. मालूताई चहा देऊन जायची, दादा मागे उभे राहून "आता? आता?" करायचे, आणि माझ्या कपाळावर घाम. हरले म्हणावं की नाही? साधं तेवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "फॉरमॅट मारायला लागेल." कसं भारदस्त वाटतं ना ऐकायला?

इथं मला थांबायला हवं. त्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं ते आधी सांगते.

मालूताईच्या लग्नाची फिल्म होती. तिचं माहेर भुईगावचं. तिचे वडील, आबा, तिच्या लग्नानंतर वर्षभरातच गेले. फोटो होते त्यांचे, सगळे ताठ उभे, फोटोवाल्यावर रागावल्यासारखे. पण चालताबोलता आबा फक्त त्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. कॅसेटला बुरशी धरली तेव्हा दादांनी एका स्टुडिओतून ती कॉम्प्युटरवर उतरवून आणली. कॅसेट त्यातच तुटली. म्हणजे आता आबा होते ते त्या एका पेटीत.

ताईने मला विचारलं होतं. कपबशी उचलताना म्हणाली, "अगो, आबांची फिल्म हाय त्यात. ती काढून ठेवलीस ना?"

"ठेवली ना," मी म्हटलं.

ठेवली नव्हती. डिस्कचे दोन भाग, फिल्म एका भागात, सिस्टीम दुसऱ्या भागात, एक पुसला तर दुसऱ्याला काय होतंय — असा माझा हिशोब. पेनड्राइव्ह शोधायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. मग नवीन सिस्टीम घालायला घेतली, तर पाटी आली — या जागेवर बसवता येत नाही. पहिला भाग डिलीट केला. तरी नाही. दुसराही केला. मग बसली मुकाट्याने. दुसरं डिलीट दाबताना मला कळलं होतं का? खरं सांगू? अर्धं कळलं होतं. बोट मात्र पुरतं दाबलं गेलं.

आणि मग मी तोंड पाडून बाहेर आले आणि सांगितलं की स्पायवेअरने फिल्म खाल्ली. काढून ठेवलेलीसुद्धा खाल्ली. जाताजाता सगळं घेऊन गेलं मेलं!

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "सगळीच?" मग दादांकडे वळली आणि म्हणाली, "तुमचं ते क्रिकेट!" एवढा धिप्पाड माणूस, खाली मान घालून ओटीवर बसला. त्यांना वाटलं, आपल्या हौसेपायी बायकोचा बाप गेला. मी मधे पडले का? पडले — त्यांची समजूत घालायला! "दादा, कुणाच्याही हातून होतं," म्हटलं. शरम कशाशी खातात ते तेव्हा मला माहीत नसावं. दादांनी तो कॉम्प्युटर उचलला आणि माळ्यावर टाकला. त्याचं तोंड पाहायचं नाही म्हणाले.

तुम्हाला वाटेल, हीच ती चूक. नाही. ही चुकीची नुसती सुरुवात.

थोड्या दिवसांनी क्लासमधला एक कॉम्प्युटर बिघडला म्हणून मी एका जाणकार माणसाला बोलावलं. सहज विचारते असं दाखवून त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, तुमचं स्पायवेअर तेव्हाच गेलं होतं. ते नेट स्वतःमार्फत फिरवायचं, त्याला प्रॉक्सी म्हणतात. ते गेल्यावर सेटिंगमधली तेवढी एक खूण काढायची, नेट चालू. एक खूण! बरं, आणि पुसलेलं? ते मात्र मिळतं बऱ्याचदा, म्हणाला. पुसल्यावर मशीन फारसं वापरलं नसेल तर हमखास प्रयत्न करावा.

मशीन वापरलं होतं का? मशीन माळ्यावर होतं, धूळ खात. शिडी लावली की हाताला येईल असं.

मी घरी आले. सांगायचं ठरवूनच आले होते, आईशप्पथ. पण घरात शिरते तर दादा उभं राहून भाषण करतायत. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, तर मी हिच्याशी परत लग्न लावणार. हळदीपासून सगळं. नवी फिल्म काढणार. आणि मालूताई — जी त्यांच्याशी धड बोलत नव्हती — पदर तोंडाला लावून हसतेय. "म्हातारपणी बाशिंग बांधतायत," म्हणतेय आणि लाजतेय! अशा वेळी मधे जाऊन मी काय सांगायचं होतं? काहीही. काहीही सांगता आलं असतं. शिडी लावा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग कसं पुसलं गेलं तेही निघालं असतं. मी आत जाऊन वाट्या घेतल्या आणि सगळ्यांना श्रीखंड वाढलं.

मग लग्नाची झाडलोट निघाली. माळा रिकामा झाला. भंगारवाला दारात आला तेव्हा मी तिथंच उभी होते. ताईने ती पेटी दोन्ही हातांत धरली आणि मला विचारलं, "ही देऊन टाकू ना? आता काय उपयोग नाय ना हिचा?"

"द्या," मी म्हटलं.

हा तो शब्द. हाच मी लपवत आलेय. गाडीवर मोडका पंखा होता, गंजलेली बादली होती, त्यांच्यामधे त्याने पेटी ठेवली आणि केळींच्या कडेकडेने गाडी ढकलत तो गेला. मी वळणापर्यंत बघत होते. हाक मारायला भरपूर वेळ होता.

आणि लग्न? अहो, काय लग्न झालं ते! वाडीतच मांडव, खांबांना आमच्याच केळी, माळा आमच्याच चाफ्याच्या. हळदीला ताईने दादांना असं काही माखलं की ते दोन दिवस पिवळे फिरत होते. अंतरपाट धरायला भुईगावचे काका आले, ताईचे चुलते, त्यांचा हात थरथरायचा आणि अंतरपाट खाली यायचा. दादा वरून डोकावून बघायचे, आणि बायका ओरडायच्या, "अहो, थांबा की, पळून चाललीय का ती!" मंगलाष्टकांत भटजींनाच हसू आवरेना. पंगतीत वालाची उसळ दोनदा संपली. आणि दादांनी सगळ्यांसमोर मला बोलावून साडी दिली — कॉम्प्युटरशी एवढी झुंजली म्हणून. टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला. साडी छान आहे, मोतिया रंगाची. अजून नेसते. मी त्या दिवशी सुखात होते, हे तुमच्यापासून कशाला लपवू? नाचले, खाल्लं, हसून हसून पोट दुखलं.

दुपार कलली तेव्हा बँजोवाले आवरायला लागले. ताई त्यांना म्हणाली, थांबा, एकदा वाजवा. शालू खोचून, मुंडावळ्या तशाच, ती मधे आली आणि म्हणाली, "आमचे आबा कसे नाचले ते दाखवते."

आबा आणि नाच? आम्ही सगळे बघत राहिलो. तिने सांगितलं — तिची वरात भुईगावहून निघून गेली, मांडव रिकामा झाला. दिवसभर आबांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. कॅमेरावाला वायरी गुंडाळत होता, कॅमेरा चालूच राहिला होता, आणि आबांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला, हात वर केला आणि एकटेच गोल गोल नाचले. लेक पोचवल्याच्या आनंदात, की कशात, देव जाणे. तिने ते प्रत्यक्ष पाहिलं नव्हतंच. ती तर गाडीत रडत होती. ते तिने पाहिलं ते फक्त फिल्ममधे.

बँजो सुरू झाला. कुणाच्यातरी खांद्यावरचा टॉवेल ओढून घेऊन ती नाचायला लागली आणि मधेच थबकली. टॉवेल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्यात. म्हणाली, "उजवा होता की डावा? मना आठवत नाय." दादांना विचारलं. दादा म्हणाले, "मी फिल्ममधे तुलाच बघायचो." सगळे खो खो हसले. काकांना विचारलं. ते म्हणाले, नाचला खरा, एवढं आठवतं, हात कोण बघतो! मग ती माझ्याकडे वळली. घामाने डवरलेली, हसरी, डोळे भरलेले. म्हणाली, "तू तर कॉम्प्युटरवर सगळी चालवून बघितली असशील. तूच सांग. कुठला हात?"

"उजवा," मी म्हटलं.

"बघा, मी म्हणत नव्हते!" ती ओरडली आणि उजवा हात वर करून नाचली. तिच्या मागून दादा, मग काका, पोरं, आम्ही सगळ्या बायका. आता आमच्याकडे प्रत्येक हळदीला आबांचा नाच होतो. भुईगावलाही करतात. ज्यांनी आबांना पाहिलंसुद्धा नाही ती पोरंही उजवा हात वर करून गोल फिरतात, आणि एखाद्याने डावा केला तर ताई टॉवेलने फटकावते आणि म्हणते, असा नाही, हिला विचारा, हिने पाहिलंय.

मी ती फिल्म कधी उघडूनसुद्धा बघितली नव्हती.