मिस यू म्हणजे मिस दे?

मंडळी, मघाशी आमच्या घरात एका इंग्रजी शब्दानं घोळ घातला.

ताई नुकतीच पुण्याला नोकरीला गेलीय. आईच्या मोबाईलवर तिचा मेसेज आला, ‘मिस यू आई.’ मी वाचून दाखवला.

“मिस दे म्हणतीया व्हय?” आईनं लगेच नंबर लावला, एक रिंग दिली आणि कट केला.

“अगं, तिला तुझी आठवण येतीय!” मी ओरडलो.

“मग? मिस दिला की मी!”

तेवढ्यात ताईचा फोन आला. आईचा आवाजच बदलला. “तू गेल्यापासनं घरात चुकल्याचुकल्यासारखं हुतंय बघ.”

इंग्रजीत गाडी चुकली तरी मिस आणि हे चुकल्यासारखं वाटणंही मिसच.

सांगा, मी आईला कुठला अर्थ शिकवायला निघालो होतो?