मालकानं बोलायचं नाही

त्रिविक्रमराव हुदलीकरांनी कधी कोणाला शिवी दिली नाही. त्यांना तिची गरजच पडत नसे. एखाद्याची नवी सायकल ते दोन बोटांनी उचलून पाहत, अलगद खाली ठेवत आणि म्हणत, "बरी आहे. भाजी आणायला उपयोगी पडेल." ज्याची ती सायकल, त्याला पुढचे काही दिवस जेवण गोड लागत नसे.

घराणं मूळचं बेळगावकडचं, पण आजोबांपासून बंगळूरचं पाणी प्यालेलं. स्वतः त्रिविक्रमराव एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. यंत्रांचे नकाशे काढता काढता केस पांढरे झाले आणि नजर अशी झाली की भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी असली तरी त्यांना समोर बसवत नसे. बनशंकरीतल्या घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड आणि राग आला की दोन्ही एकदम. पत्नी वासंतीबाई पाहुण्यांना सांगत, "यांच्या तोंडून 'छान' ऐकायला मला निम्मा संसार करावा लागला. आणि तेही वाटीतल्या सारूला मिळालं, मला नाही."

जाड टायरच्या, गिअरवाल्या डोंगरी सायकली आपल्याकडे मिळू लागल्या तेव्हा पन्नाशी जवळ आलेल्या त्रिविक्रमरावांनी एक घेतली. फ्रेम तेवढी कंपनीची ठेवली आणि बाकी सगळं हळूहळू बदललं. त्यांच्यासारखेच आणखी काही वेडे भेटले. दर रविवारी उजाडताना बनशंकरीच्या देवळाजवळच्या बसथांब्यावर सगळ्यांनी जमायचं, कनकपुरा रस्त्यानं बाहेर पडायचं आणि एका खडकाळ टेकडीच्या पायथ्याशी थांबायचं, असा परिपाठ पडला. तिथल्या सपाट खडकावर थर्मास उघडत आणि कोणाकडे सध्या काय आहे, कोणी टायर बदलला, कोणाला नवा गिअर मिळाला, याच्या गप्पा रंगत.

या गप्पांना त्रिविक्रमरावांनी एक नियम घालून दिला होता. माणूस स्वतःच्या सायकलीबद्दल बोलतो तेव्हा तो वरपित्यासारखा बोलतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून मालकानं बोलायचं नाही. सायकलींची अदलाबदल करायची, दुसऱ्याची घेऊन टेकडी चढायची, उतरायची आणि खाली आल्यावर बसणाऱ्यानं निकाल सांगायचा. मालकानं तो निमूट ऐकायचा.

नियम खरं तर चांगला होता. त्यानं कितीतरी जणांच्या सायकली सुधारल्या. पण त्रिविक्रमरावांच्या तोंडी तो सुरी झाला. आणि खोटं कशाला बोला, लोक ती सुरी पाहायलाही येत. आपल्या मानेवर नसेल तेव्हा सुरी चालताना पाहायला मजा येते. त्यांच्या स्वतःच्या सायकलीवर बसलेला मात्र खाली येऊन एवढंच म्हणे, "छान आहे, अण्णा." त्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती.

शुभंकर हा पुण्याचा मुलगा. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, भाड्याचा फ्लॅट, बोलण्यात निम्मं इंग्रजी. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या नव्या सायकलीवर इतकी रंगीत स्टिकरं होती की खालचा रंग शोधावा लागत होता. त्रिविक्रमराव तिच्यावर बसून टेकडी चढून आले, सायकल त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही लग्नातली घोडी आहे. सजवलेली सुंदर आहे. पण तिला पळायला सांगू नकोस."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसले ते चंद्रकांत, बँकेतले अधिकारी, ज्यांचा आवाज काउंटरच्या काचेतूनही ऐकू येत असे. त्या दिवसापासून शुभंकर 'घोडीवाला' झाला. दुसरा एखादा यायचा थांबला असता. शुभंकर थांबला नाही. तो दर रविवारी आला, दर रविवारी ते नाव ऐकलं आणि त्रिविक्रमरावांना पाण्यात पाहू लागला. त्रिविक्रमरावांनाही ते कळत होतं. दोघांमधून विस्तव जात नव्हता, आणि अदलाबदलीत एकाची सायकल दुसऱ्याकडे जाणार नाही एवढी काळजी बाकीचे घेत.

सत्त्याण्णव साली कंपनीनं शुभंकरला काही महिने अमेरिकेला पाठवलं. परत आला तो खोक्यात सायकल घेऊनच. पहिल्या रविवारी तो ती घेऊन खडकापाशी आला तेव्हा कॉफी ओतणारे हात थांबले. फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढच्या चाकाला मोटारसायकलसारखे शॉकअब्सॉर्बर. स्टिकर एकही नव्हतं.

"उचलून बघू का रे?" आसावरीनं विचारलं. ती एका शाळेत खेळ शिकवत असे आणि त्या मंडळीतली एकटीच बाई होती.

"बघ ना. वन हँड."

आसावरीनं एका हातानं सायकल उचलली आणि ठेवून दिली. "माझ्या शाळेच्या दप्तरापेक्षा हलकी आहे ही."

"चला मग," त्रिविक्रमराव मागून म्हणाले. "अदलाबदल करा."

"मी नाही देणार," शुभंकर म्हणाला. "आणि काका, आता हे बंद करू या. लोकांच्या सायकली महाग झाल्यात. ज्याची त्यानं चालवावी आणि ज्याची त्यानं सांगावी. आम्ही चौघं-पाचजण बोललोय याबद्दल."

'काका' हा शब्द त्रिविक्रमरावांना आवडत नसे. पण त्याहून वाईट होतं ते 'आम्ही'. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. इलेक्ट्रॉनिक सिटीची पोरं बुटांच्या नाड्या पाहत होती. चंद्रकांतसुद्धा थर्मासचं झाकण फिरवत होते. त्रिविक्रमरावांच्या लक्षात आलं की हे आपल्यामागं बरंच पुढं गेलं आहे. नियम गेला तर दर रविवारी इथे बाजार भरणार, प्रत्येक जण आपापला माल ओरडून सांगणार, आणि त्या बाजारात आपल्याला विचारणार कोण? कारखान्यातून निवृत्तीचे कागद आलेच होते. आठवड्यातला हा एकच दिवस उरला होता की त्यांनी बोलावं आणि लोकांनी थांबून ऐकावं.

"मग इथे कशाला आणलीस?" ते म्हणाले. "ओवाळायला? तबक घेऊन आलो असतो."

"तुम्हाला भीती वाटते का?" शुभंकर म्हणाला. "की या वेळी काही वाईट बोलायला सापडणार नाही?"

"सापडेल. घोडी बदलली तरी घोडीवाला तोच आहे."

"बास," चंद्रकांत मध्ये पडले. "आज नेहमीसारखं करू. पुढच्या रविवारी हात वर करून काय ते ठरवू. शुभंकर, त्रिविक्रमरावांना दे. त्यांची तू घे. होऊन जाऊ दे एकदा."

सगळे आपापल्या सायकलींकडे वळले. त्रिविक्रमराव अमेरिकन सायकलीपाशी गेले. शुभंकरनं ती सोडली नाही. हँडल धरूनच तो म्हणाला, "एक मिनिट. याचे ब्रेक—"

"मालकानं बोलायचं नाही."

"अहो, सेफ्टीचं आहे. डावा—"

"नियम अजून आहे. पुढच्या रविवारपर्यंत आहे."

शुभंकरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतला. "सरी," तो म्हणाला, आणि 'बरं' एवढाच अर्थ असलेल्या त्या कन्नड शब्दात जेवढा तिरस्कार मावतो तेवढा त्यानं भरला. "नियम तुमचा."

हे बोलणं दुसऱ्या कोणी ऐकलं नाही.

सायकलीवर बसण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, हे त्या मंडळीतल्या प्रत्येकाला त्रिविक्रमरावांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी दाबले नाहीत. दाबले असते तर शुभंकरचं म्हणणं मनावर घेतल्यासारखं दिसलं असतं.

चढ सुरू झाला आणि पहिल्या वळणावरच त्यांना कळून चुकलं. इतकी चांगली सायकल त्यांनी आयुष्यात चालवली नव्हती. दगड आला की पुढचं चाक तो गिळून टाकत होतं. जिथे दरवेळी उतरून ढकलावं लागे तिथून ते बसल्या बसल्या वर गेले. गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसा पडत होता. त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला. माथ्यावर पोचेपर्यंत ते दोष शोधत होते आणि दोष सापडत नव्हता. मग ते नुसतंच लागट वाक्य शोधू लागले. वाक्य सापडलं. ते मनात घोळवत त्यांनी उतार धरला.

आपल्याकडच्या सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डावा मागच्या चाकाचा. उतारावर डावा घट्ट दाबायचा आणि उजवा हलकेच, ही त्यांच्या हातांची जन्माची सवय. अमेरिकेत हे उलटं असतं. मधल्या घळीपाशी उतार एकदम तुटला तेव्हा त्यांनी सवयीनं डावा ब्रेक घट्ट आवळला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. त्रिविक्रमराव थांबले नाहीत. ते हँडलवरून पुढे गेले आणि उजव्या खांद्यावर आपटले.

मागून शुभंकर त्यांच्या सायकलीवर येत होता. तो खाली उतरला. सगळे धावत आले तेव्हा त्रिविक्रमराव खडकाला टेकून बसले होते आणि उजवा हात डाव्या हातानं धरून होते. गळ्याजवळचं हाड जिथे असायला हवं तिथे नव्हतं.

"अहो, याचे ब्रेक उलटे आहेत," आसावरीनं सायकल उभी करताना पाहिलं. "डावा पुढचा आहे."

चंद्रकांत गर्रकन वळले. "तुला माहीत होतं?"

"ऑफ कोर्स माहीत होतं," शुभंकर म्हणाला. "मी सांगत होतो. त्यांनी सांगू दिलं नाही. विचारा त्यांना."

"मरता मरता वाचला माणूस, आणि विचारा म्हणतोस?"

"विचारा ना पण."

सगळ्यांनी त्रिविक्रमरावांकडे पाहिलं. त्यांना काही बोलायचीही गरज नव्हती. वेदनेनं घाम फुटलेला माणूस गप्प बसला तर त्याला कोण दोष देईल? त्यांनी डोळे मिटून घेतले. तेवढंच पुरलं.

"बघितलंस?" चंद्रकांत शुभंकरला म्हणाले. "त्या घोडीचा सूड उगवलास. पुढच्या रविवारपासून इकडे फिरकू नकोस. हात वर करायचीही गरज नाही."

इलेक्ट्रॉनिक सिटीची पोरंही काही बोलली नाहीत. त्रिविक्रमरावांनी डोळे मिटल्या मिटल्या सगळं ऐकलं. नियम वाचला होता.

भाजीच्या टेंपोतून आसावरी आणि चंद्रकांत त्यांना इस्पितळात घेऊन आले. अमेरिकन सायकलही, पुढचं चाक वाकल्यामुळे, त्याच टेंपोत टाकली होती. दुपारपर्यंत हात गळ्यात बांधून झाला. वासंतीबाई उशाशी बसल्या होत्या आणि चंद्रकांत त्यांना तिसऱ्यांदा सांगत होते की त्या मुलानं कसा दगा दिला, तेव्हा दारात शुभंकर उभा राहिला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. टेकडीपासून तो त्रिविक्रमरावांच्याच सायकलीवर आला होता.

"इथे कशाला आलास?" चंद्रकांत उठले.

"तुमच्याकडे नाही आलो." तो खाटेजवळ आला आणि कुलपाची किल्ली चादरीवर ठेवली. "सायकल खाली लावलीय. आणि निकाल द्यायचा राहिलाय. नियम आहे ना? मालकानं ऐकायचं."

वासंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"फ्रेम जड आहे," शुभंकर म्हणाला. "तिसरा गिअर घसरतो. सीट माणसासाठी नाही, शिक्षेसाठी केलेली आहे. हे तुम्हाला आजवर कोणी सांगितलं नाही, कारण सगळे तुम्हाला टरकतात. पण ब्रेक दाबला की जेवढा दाबला तेवढाच लागतो. खोटं बोलत नाही ती. मालकाचं मला सांगता येत नाही."

"ए, तोंड सांभाळ," चंद्रकांत म्हणाले.

"थांबा," त्रिविक्रमराव म्हणाले.

खोलीतल्या तिघाचौघांना वाटलं, आता ते त्याला फाडून खाणार. वासंतीबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"तो सांगत होता," त्रिविक्रमराव म्हणाले. "ब्रेकचंच सांगत होता. दोनदा. मी बोलू दिलं नाही."

चंद्रकांत खाली बसले. "मग तिथे का नाही बोललात? मी त्या पोराला काय काय बोललो सगळ्यांसमोर."

"ऐकत होतो मी. बरं वाटत होतं ऐकायला."

"अहो, काय बोलता," वासंतीबाई पुटपुटल्या.

"खरं तेच बोलतो." मग ते शुभंकरकडे वळले. आवाजात माया नव्हती. "तुझी सायकल चढताना फार सुंदर आहे. तिच्यात दोष नाही, मी शोधला. उतरतानाचं मला सांगता येणार नाही, मी वेगळा उतरलो. आणि मी पडलो तेव्हा तू हसलास. ते मी पाहिलं."

"हो," शुभंकर म्हणाला. "हसलो."

"आता जा."

तो गेला. माफी कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. आसावरी त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. चंद्रकांत मात्र तोवर टोपी घालून उभे होते. त्यांनी वासंतीबाईंचा निरोप घेतला, त्रिविक्रमरावांचा घेतला नाही.

पुढच्या रविवारी हात वर झाले आणि नियम रद्द झाला. त्याच्या विरोधात आसावरीचा एकटीचा हात होता, असं तिनंच येऊन सांगितलं. "आणि अण्णा, चंद्रकांत म्हणाले, त्रिविक्रमरावांना यायचं असेल तर येऊ देत, आपण बोलवायला जायचं नाही."

हाड जुळायला पावसाळा सरला. त्रिविक्रमराव पुन्हा सायकलीवर बसले आणि न बोलावता गेले. सपाट खडकावर आता माणसं जास्त होती. आणखी तिघांकडे शॉकअब्सॉर्बर आले होते. शुभंकर त्यांच्या घोळक्यात होता. त्यानं एकदा वळून पाहिलं आणि पाठ केली. त्रिविक्रमराव थोडे बाजूला, एका दगडावर बसले. कोणी सरकून जागा केली नाही, पण कोणी उठवलंही नाही.

चंद्रकांतांनी नवी सायकल घेतली होती. ते तिच्याबद्दल मोठ्यानं सांगत होते. किती भक्कम, किती हलकी, उतारावर कशी खडकासारखी स्थिर. बोलता बोलता त्यांची नजर त्या दगडाकडे गेली, आणि ते क्षणभर अडखळले.

त्रिविक्रमरावांनी सायकलीकडे पाहिलं. मागचं चाक तिरकं बसलं होतं, हँडल चंद्रकांतांच्या उंचीला फार खाली होतं. त्यांनी थर्मास उघडला आणि कॉफी ओतून घेतली.

"पुढे सांगा," ते म्हणाले. "ऐकतोय मी."