पहिल्या पगाराचा लाडू

नाना गेल्याचा फोन वर्तमानपत्राच्या कचेरीत आला तेव्हा शेवटचं पान छपाईला जायचं होतं. ते सोडलं आणि आलमबागला निघालो. रेल्वे कॉलनीतल्या घरासमोर कारखान्यातली माणसं उभी होती. त्यांत रामलखनही होता. तो येईल असं वाटलं नव्हतं…

नाना मूळचे अमरावतीचे, इथे उत्तरेत रेल्वे कारखान्याच्या पगार विभागात सुपरिंटेंडंट. मी त्यांचा शेजारी, संध्याकाळी त्यांना न्यायला कारखान्यात जायचो. पहिला पगार झाला की साहेबाला मिठाई द्यायची, अशी कारखान्यातली रीत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून मी पाहत आलो, नवा कामगार लाडवांचा डबा घेऊन आला की नाना डबा बाजूला सरकवत आणि भविष्यनिर्वाह फंडासाठी पगारातून जादा कपातीचा कागद पुढे करत. सही झाल्याशिवाय लाडू उचलत नसत. रामलखन तेव्हा लेथवर नवा, घरी तान्हं मूल. हसून म्हणाला, "साहब, बुढ़ापा किसने देखा है?"

"फाटक पर देख लो. मूँगफली बेच रहा है."

फाटकावरचा म्हातारा याच कारखान्यातला जुना फिटर होता. रामलखनने सही केली. नानांनी लाडू खाल्ला.

पुढे आलमबाग ते अमौसी टेंपो धावू लागले. रामलखनला एक जुना टेंपो मिळत होता आणि त्यासाठी सगळा फंड काढायचा होता. टेंपोसाठी पैसे मिळत नसत, बहिणीच्या लग्नासाठी मिळत. त्याने लग्नपत्रिका छापून आणली. त्या संध्याकाळी मी नानांना न्यायला गेलो होतो. त्यांनी पत्रिका दोनदा वाचली. तारीख पौषातली होती.

"पूस में शादी? खरमास में तो तुम्हारे यहाँ कोई रिश्ते की बात भी नहीं करता."

रामलखनचा चेहरा उतरला. त्याच्याबरोबर आलेल्या चौघांपैकी एकाने दार लावून घेतलं.

"पैसा हमारा है, साहब," रामलखन म्हणाला.

"उस रामलखन का है जो अट्ठावन का होकर रिटायर होगा. वो आज आ नहीं सकता, उसकी तरफ से मैं बैठा हूँ."

"तो चाय भी उसी से मँगवाइए," मागून कुणी तरी म्हणालं. कुणी हसलं नाही. एकाने टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला होता. खोटी पत्रिका वर गेली तर रामलखनची नोकरी जाणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नानांनी पत्रिकेची घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवली. "ये मैंने देखा नहीं. जाओ." मग पेपरवेट खाली ठेवल्याचा आवाज आला.

रामलखनने नानांशी बोलणं टाकलं. तो टेंपो दुसऱ्याने घेतला, त्याचं बरं चाललं. "तुमचं चुकलं का?" मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, "असेलही." काही वर्षांनी लेथमध्ये रामलखनच्या उजव्या हाताची बोटं गेली, नोकरी सुटली. फंडातून दोन खोल्या झाल्या, पुढच्या खोलीत बायकोने किराणा मांडला. तरीही नाना असेपर्यंत तो त्यांच्याकडे आला नाही.

घराची पायरी चढला तो तेराव्यानंतर, मुलाला घेऊन. मुलगा त्याच कारखान्यात लागला होता. हातात लाडवांचा डबा. "साहब ने टेंपो नहीं लेने दिया," रामलखन नानांच्या पत्नीला, काकूंना म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, आभारही नव्हते. काकूंनी मुलाकडे पाहिलं. "अच्छा बेटा, फंड की कटौती लिखवाई?"

"अगले महीने, माताजी. अभी तो…" त्याची नजर वडिलांच्या हाताकडे गेली. तो थांबला.

काकूंनी डबा नानांच्या खुर्चीवर ठेवला. परवा गेलो तेव्हा तिथेच होता, वर बांधलेली दोरी तशीच.